हमालाचा ठोसा

पोते झोका घेऊन परत आले आणि मुंजाजीने ते पुन्हा छातीवर घेतले. दोन्ही हात आपसूक पसरले, खांदा खाली गेला, गुडघे वाकले. पोते थांबले. आपण काय केले हे मुंजाजीला कळले, पण तोवर उशीर झाला होता.

"फिर लिपट गया!" दस्तगीर मिस्त्री ओरडले. "काय कू लिपटता रे पोते कू? तेरी जोरू है क्या?"

राखेच्या खड्ड्याजवळ दात घासत बसलेले दोन खलाशी खदखदून हसले. मुंजाजी हसला नाही. त्याची जोरू ताडकळसला होती, आणि तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

पूर्णा जंक्शनच्या इंजिन शेडमागे दोन जुने स्लीपर उभे पुरले होते. त्यांच्यावर रुळाचा तुकडा आडवा टाकला होता आणि त्याला साखळीने हे पोते टांगले होते. दुहेरी गोणपाट, वरून ताडपत्री, आत इंजिने पुसून काळ्या झालेल्या चिंध्या आणि सरकी. पोते मुंजाजीनेच शिवले होते. शिवणीत खोट काढायला जागा नव्हती. पोत्याचे सगळे कसब त्याच्या हाताला येत होते. फक्त त्याला मारणे तेवढे जमत नव्हते.

दस्तगीर मिस्त्री शेडमध्ये फिटर होते. तरुणपणी ते सिकंदराबादला पलटणीत होते आणि तिथे गोऱ्या सोल्जरांकडून मुष्टियुद्ध शिकले होते. नाक डावीकडे वाकलेले, बोटांची पेरे सुपारीसारखी. शेडच्या फोरमन साहेबालाही या खेळाचे वेड होते. दर वर्षी संस्थानच्या फसली सनातल्या बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, तो शेडच्या अंगणात दोऱ्या बांधून लढती लावायचा. त्या साली, बाहेर महायुद्ध ऐन भरात असताना, त्याने जाहीर केले की जड वजनाच्या लढतीत जो जिंकेल त्याला शेडच्या संघात घेऊ आणि खलाशाची, म्हणजे शेडमधल्या मदतनिसाची, पक्की जागा देऊ.

खलाशाला लाइनीत, म्हणजे रेल्वेच्या चाळीत, एक खोली मिळत असे. मुंजाजीला ती खोली हवी होती.

तो मालधक्क्यावर हमाल होता. चौदा हमालांबरोबर मालधक्क्याच्या वऱ्हांड्यात झोपायचा. लग्नाला चार वर्षे झाली होती. बायनाबाई ताडकळसला सासूपाशी, दोन जावांच्या हाताखाली. चार वर्षांत नवराबायको एकत्र राहिले ते सणावारी, तेही माणसांनी भरलेल्या घरात. एकदा ती बाजाराच्या गाडीत बसून पूर्णेला आली होती. दिवसभर मालधक्क्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. येणारा-जाणारा प्रत्येक हमाल "वहिनी, जरा सरका," म्हणायचा आणि ती सरकायची. संध्याकाळी त्याच गाडीत चढताना म्हणाली, "आता खोली असंल तवाच बोलवा." तेवढेच बोलली. पण मुंजाजीच्या मनात ते कुसळासारखे रुतून बसले.

म्हणून ज्येष्ठापासून तो रोज पहाटे फटफटताच मिस्त्रींपुढे उभा राहत होता. सातचा भोंगा होईपर्यंत.

पहिल्या दिवशी त्याला वाटले होते, यात काय शिकायचे? अडीच मणांचे पोते पाठीवर घेऊन आपण फळीवरून पळतो. त्याने सारा जोर लावून ठोसा मारला. पोते उंच गेले, साखळी करकरली.

"बघा, मिस्त्री! किती उडालं!"

"उडा नै," मिस्त्री म्हणाले, "तू उसकू सवारी दिया."

मग त्यांनी स्वतः मारून दाखवले. डावा पाय पुढे, हनुवटी खाली. हात कधी गेला ते दिसलेच नाही. ठप् असा आवाज झाला. पोते जागच्या जागी कमरेत मोडल्यासारखे झाले, आणि साठी गाठलेल्या माणसाचा हात केव्हाच परत गालाशी आला होता.

"घूसा जाताय, काम करताय, घर कू आताय," मिस्त्री म्हणाले. "तेरा घूसा उधरच बसताय. दावत है क्या उधर?"

मुंजाजीचा ठोसा खरेच तिथेच बसायचा. पोत्याला लागला की खांदा मागून यायचा, खांद्यामागून कंबर. तो मारत नव्हता, लोटत होता. लोटले की पोते लांब जायचे, आणि लांब गेले की तेवढ्याच जोराने परत यायचे. तेव्हा बाजूला सरून, पाय बदलून, येणाऱ्या पोत्याला नेमका ठोसा द्यायचा असतो. मुंजाजी मात्र त्याला कवेत घ्यायचा.

याला कारण होते. मालधक्क्यावर पहिल्याच दिवशी त्याला जुन्या हमालाने शिकवले होते, आलेले पोते अंगावर घ्यायचे. थप्पीवरून सुटलेल्या पोत्यापासून जो मागे सरतो त्याचे पोते फुटते, नाहीतर शेजारच्याची मान मोडते. दहा वर्षे मुंजाजीच्या अंगाने हे पाळले होते. पोते येताना दिसले की डोक्याला विचारायला अंग थांबतच नव्हते. मुठीचीही तीच गत. पोत्याशी हात गेला की बोटे उघडायची आणि पोत्याचा कान, म्हणजे वरचा कोपरा, धरायला धावायची. एकदा अशी उघडी बोटे ताडपत्रीवर आपटली आणि अंगठा आठ दिवस सुजला.

"मूठ बंद!" मिस्त्री म्हणायचे. "अंगूठा बाहर! सांस छोड! पांव, पांव!"

एक सांभाळावे तर दुसरे सुटायचे. पायाकडे लक्ष दिले की डावा हात खाली यायचा. हात वर धरला की श्वास कोंडायचा. श्वास सोडला की मनगट वाकायचे. मुंजाजीला स्वतःचाच राग यायचा. रागाने तो आणखी जोर लावायचा, आणि जोर लावला की पोते आणखी उडायचे.

आषाढात मिस्त्रींनी नवीन युक्ती काढली. पोत्याला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली. मुंजाजीच्या हातावरच्या पट्ट्यांना ओली कोळशाची पूड लावली.

"अब मार. बीस."

वीस ठोसे झाल्यावर दोघांनी जवळ जाऊन पाहिले. पट्टीवर काळे फराटे उठले होते, लांबच लांब, चुलीपुढे पोतेरे फिरवल्यासारखे.

"ये देख. हात लगा, और घसीटता गया." मग मिस्त्रींनी स्वतः एक ठोसा दिला. पट्टीवर चार पेरांचे चार ठिपके उमटले, शाईच्या शिक्क्यासारखे. "ऐसे बीस ठप्पे दिखा मेरेकू. फिर रिंगण की बात करेंगे."

पहिल्या दिवशी वीसमध्ये असा एकही ठप्पा नव्हता. महिन्याने दोन होते. श्रावण संपला तरी तीनाच्या पुढे गाडी जाईना. मुंजाजी रोज ती पट्टी नळाखाली धुऊन वाळत घालायचा. दुसऱ्या पहाटे पुन्हा फराटे.

दिवसा तो मालधक्क्यावर पोती उचलायचा. पहाटे जे दोन तास विसरायला शिकायचे तेच पुढचे दहा तास करायचे. संध्याकाळपर्यंत सगळे शिकणे पुसून जायचे. हे त्याने मिस्त्रींना एकदा सांगितले.

"तो नौकरी छोड," मिस्त्री म्हणाले.

"आन् खाऊ काय?"

"तो बहाने छोड."

भाद्रपदात मात्र उलटे घडले. सेलूहून आलेल्या डब्यातून सरकीची पोती उतरवायची होती. मुंजाजीचा जोडीदार बापू हा वयाने मोठा हमाल होता. तो वरून पोते सोडायचा, मुंजाजी खाली झेलायचा. सातवे की आठवे पोते आले आणि मुंजाजी मागे सरला. डावा पाय मागे, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाशी. पोते त्याच्या पुढ्यात फरशीवर पडले आणि फुटले. सरकी सगळीकडे सांडली.

मग बापू डब्यातून खाली उतरला.

"मुंज्या, हे काय करायलास?"

"चुकलं, बापूदादा."

"चुकलं? तुझ्या बाजूला मी असतो तर? पोतं बघून मुठी कसल्या वळायलास? त्ये काय भांडाया आलंय तुझ्यासंगं?" बापूने डोक्यावरची चुंबळ काढून आपटली. "एकच काय ते ठरीव. मारायचं का उचलायचं. दोन्ही धरशील तर एक दिस कुणाचा तरी जीव घेशील."

मुंजाजी गुडघ्यावर बसून सरकी गोळा करू लागला. त्याला रडू येत होते, पण हमालांच्या देखत रडता येईना. पोत्याला मारायला जावे तर अंग ते झेलते. झेलायला जावे तर अंग मारायला उठते. मालकाला न विचारता बैल जोखडाची बाजू बदलतो तसे त्याचे अंग झाले होते.

त्यानंतर तीन दिवस तो शेडमागे गेला नाही. चौथ्या पहाटे दस्तगीर मिस्त्रीच मालधक्क्याच्या वऱ्हांड्यात आले. त्याला शेडमध्ये घेऊन गेले. नुकतेच आलेले एक इंजिन धुसफुसत उभे होते. मिस्त्रींनी त्याच्या तोंडाच्या लोखंडी दाराकडे बोट दाखवले.

"हात लगा."

"भाजंल की, मिस्त्री."

"लगा बोला ना."

मुंजाजीने मुठीची पेरे दाराला टेकवली. चटका बसला. हात परत कधी आला ते त्याचे त्याला कळले नाही.

"हात किसने वापस लाया?" मिस्त्रींनी विचारले. "तू लाया? मैं लाया?"

मुंजाजी हाताकडे पाहत राहिला.

"तेरे जिस्म कू सब आता है, बेटा. तू उसकू गलत चीज याद दिलाताय. पोता नक्को समझ. पत्रा समझ. गरम पत्रा."

त्या दिवशी वीसमध्ये पाच ठप्पे उमटले. आठवड्याने आठ. दसऱ्याला अकरा. आवाजही बदलला. पूर्वी भस् असे व्हायचे, आता मधूनच ठप् यायचे. पोते आता उडत नव्हते. मुंजाजीच्या मनात रोज भीती असायची की उद्या हे सगळे जाईल, आणि काही दिवशी ते जायचेही. एकदा चौदा ठप्पे झाले आणि दुसऱ्याच दिवशी चार. त्याने चिडून पट्टी फाडली. मिस्त्रींनी दुसरी बांधली. पण दिवाळीनंतर बारा-तेराच्या खाली तो आला नाही. वीस मात्र एकदाही झाले नाहीत.

"वीस न्हाईत झाले, मिस्त्री."

"मेरे भी नै होते," मिस्त्री म्हणाले. "चल, रिंगण."

लढतीच्या दिवशी शेडच्या अंगणात सारी पूर्णा लोटली. साहेब खुर्चीवर बसला होता, शेजारी त्याचा कारकून. मुंजाजीची लढत अप्पारावशी होती. अप्पाराव गंगाखेडचा, शेडमध्ये इंजिने पुसायचा. मुंजाजीपेक्षा वीतभर उंच, आणि खलाशाच्या जागेवर त्याचाही डोळा होता. पंच म्हणून एक गोरा ड्रायव्हर उभा होता.

घंटा झाली. पहिल्या फेरीत मुंजाजीने गरम पत्र्याशिवाय दुसरे काही मनात येऊ दिले नाही. हात गेला, हात आला. अप्पारावच्या गालावर एक, कपाळावर एक. तिसरा नाकावर बसला आणि रक्ताची धार लागली. मुंजाजीने कोपऱ्याकडे पाहिले. मिस्त्री ओरडत नव्हते. सहा महिन्यांत ते पहिल्यांदाच गप्प होते.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर अप्पाराव दमला. त्याचे पाय जड झाले, हात खाली आले. आणखी दोन ठोसे आणि संपले, असे सगळ्यांना दिसत होते. मुंजाजीलाही दिसत होते. त्याला लाइनीतली खोलीही दिसत होती.

अप्पाराव दम खायला पुढे झुकला आणि त्याने आपले सारे वजन मुंजाजीच्या डाव्या खांद्यावर टाकले.

खांद्यावर वजन आले आणि मुंजाजीचे गुडघे वाकले. मान बाजूला झाली. एक हात मांड्यांखाली गेला, एक पाठीवर. तो उठला तेव्हा अप्पाराव त्याच्या पाठीवर होता, पाय हवेत. मुंजाजी हमालाच्या तुरुतुरु चालीने दोन पावले गेला आणि दोऱ्यांच्या कोपऱ्यात त्याने अप्पारावला अलगद उभे करून ठेवले. नीट बसला की नाही हे पाहायला त्याच्या कुशीवर एक थापही मारली.

मग जे हसू फुटले ते थांबेना. खलाशी एकमेकांच्या गळ्यात पडले. साहेबाने टोपी काढून डोळे पुसले. गोऱ्या ड्रायव्हरने मान हलवली, मुंजाजीला बाद ठरवले आणि अप्पारावचा हात वर केला.

"म्या जिंकलो?" अप्पारावने रक्त पुसत विचारले. त्याला कोणी सांगितले तरी खरे वाटेना.

मुंजाजी कोपऱ्यात आला. मिस्त्री त्याच्या हातावरच्या पट्ट्या सोडू लागले. एक सोडली, दुसरी सोडली. त्यांचेही ओठ हलत होते. हसू आवरत होते की रडू, ते मुंजाजीने पाहिले नाही.

साहेबाने त्याला बोलावले. कारकून मराठीत सांगू लागला, "साहेब म्हणतात, असा हमाल सगळ्या लाइनीवर नाही. उद्यापासून तू मालधक्क्याचा मुकादम."

"आन् खोली?" मुंजाजीने विचारले.

"मुकादमाला कुठली खोली? मुकादमाला छडी मिळते."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुंजाजी ताडकळसला निघाला. बायनाबाईला कसे सांगायचे हे जुळवत तो सारी वाट चालला. पण बातमी गाडीवानांबरोबर पुढे गेली होती, आणि जाताना तिचे रूप बदलले होते. वेशीत हलगी वाजत होती. गावचे पाटील आबासाहेब पटका घेऊन उभे होते.

"या, पैलवान! रेल्वेचा गडी उचलून आपटला म्हणं!"

"आबासायेब, मी हरलो."

"आता लाजायलाय का! उचलला का न्हाई?"

"उचलला."

"खाली ठिवला का न्हाई?"

"ठिवला, पण—"

"मंग? कुस्ती आनखी कशाला म्हंत्यात?"

"कुस्ती न्हवती ती. उचलायचं नसतंय तितं."

"उचलायचं न्हाई?" आबासाहेबांनी मंडळींकडे पाहिले. "मंग काय गोंजारायचं? सायबाचा न्यायच उफराटा. आपल्या गावात तूच जिंकला. वाक जरा, पटका बांधू दे."

मुंजाजी वाकला. आणखी काय करणार? दारात आई, नर्मदाबाई, ओवाळणीचे ताट घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "मुंजा, नाव काढलंस रे," ती म्हणाली. तिलाही त्याने सांगून पाहिले. तिने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. गुळाने तोंड भरल्यावर माणूस बोलणार काय?

दिवस कलता कलता त्याला बायनाबाई चुलीपाशी एकटी सापडली. ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिले नाही.

"खोली मिळाली का?"

"न्हाई."

"मंग हरलात की."

"हेच सांगायलोय दुपारधरनं," मुंजाजी म्हणाला आणि तिथेच भुईवर बसला. त्याने तिला सगळे सांगितले. पट्टीवरचे फराटे सांगितले, फुटलेले पोते सांगितले, इंजिनाचे दार सांगितले. ज्या जागी सारी पूर्णा हसली होती तिथे तो अडखळला. बायनाबाई हसली नाही. तिने तव्यावरची भाकर उलटली.

"त्यो अंगावर पडला तवा काय करायचं हुतं तुमी?"

"मागं सरायचं."

"आन् पडला असता त्यो?"

"पडू द्यायचा."

तिने विस्तव पुढे ओढला. "इतकंच जमलं न्हाई व्हय?"

"इतकंच."

"पुन्यांदा कवा हाय?"

"पुढल्या साली. पण आता मुकादम केलंय. घेत्याल का न्हाई, ठावं न्हाई. मिस्त्री बी शिकवत्याल का न्हाई, ठावं न्हाई."

"मला आत्ताच सांगा," बायनाबाई म्हणाली. तिने आता त्याच्याकडे सरळ पाहिले. "एक साल मी दम धरीन. पण साल म्हंजी साल का? का पुढल्या साली बी कुनाला तरी उचलून नीट ठिवताल?"

खोटे बोलावे असे मुंजाजीला वाटले नाही. आपले अंग पुढच्या बहमन महिन्यात काय करेल हे त्याला खरेच माहीत नव्हते.

बाहेर आबासाहेबांचा माणूस हाका मारू लागला. पारावर मंडळी जमली होती. शेजारच्या गावांतलेही लोक आले होते. रेल्वेचा गडी कसा उचलला ते पैलवानाच्या तोंडून ऐकायचे होते.

मुंजाजी उठेना.

"जावा," बायनाबाईने पुढची भाकर थापायला घेतली. "वाट बघायलेत. उचलला कसा, त्ये सांगून या."